कारणाचा रकाना

अ‍ॅप उघडलं आणि मिटलं. पापणी लवायच्या आत. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या फोनवर आधी फिकट हिरवा रंग पसरला, त्यावर बारा चौकोन उमटले, पहिल्या चौकोनावर तिने बोट ठेवलं आणि पुढच्या क्षणी तिथे काहीच नव्हतं. घड्याळ, हवामान आणि मागे धाकट्या बहिणीच्या मुलांचा फोटो, सगळं जागच्या जागी, आम्ही नाही बाई काही पाहिलं अशा चेहऱ्याने. तिने पुन्हा उघडलं. हिरवा रंग, चौकोन, बोट आणि गायब. शेजारी तिच्या कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीशी येऊन थांबल्या. रविवारचे अकरा वाजले होते, ऊन टेबलापर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात तिने ती ओळ तीनदा वाचली. अर्थ सरळ होता. या अ‍ॅपने मायक्रोफोन मागितला आहे, पण तो कशासाठी हवा ते सांगितलेलं नाही, म्हणून अ‍ॅप बंद करण्यात येत आहे. कारण दिलेलं नाही. हे वाक्य बोलण्याचा हक्क या घरात आजवर एकाच माणसाकडे होता आणि तो माणूस पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसून कोमट सूप चमच्याचमच्याने घशाखाली उतरवत होता.

अण्णांनी नोकरीची छत्तीस वर्षं शहराच्या परवाना कचेरीत काढली. रस्ता खणायचा असो, पाटी लावायची असो, झाड तोडायचं असो की बागेत वाद्य वाजवायचं असो, अर्ज फिरून फिरून त्यांच्याच टेबलावर. अर्जात अकरा रकाने होते, पण बाकीच्या दहांकडे अण्णा ढुंकूनही बघत नसत. ते कारकुनांनी बघायचं. अण्णांचा रकाना नववा, कारणाचा. तो ते अर्जदाराच्या तोंडावर मोठ्याने वाचत, कारण आपण काय लिहिलंय ते माणसाने एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं असं त्यांचं म्हणणं होतं. मग चष्म्यावरून बघत विचारत, "खरं का हे?" भल्याभल्यांची बोबडी वळायची. झाड तोडायला निघालेल्या एकाने लिहिलं होतं, 'आवश्यक असल्याने'. अर्ज परत. दुसऱ्याने पानभर लिहिलं, त्यात शहराचा विकास होता, भावी पिढी होती, फक्त झाड कुठे नव्हतं. तोही परत. आणि एक उंच, ओशाळलेला माणूस, ज्याला बागेत ट्रंपेट वाजवायला परवानगी हवी होती, त्याने नवव्या रकान्यात पाच शब्द लिहिले होते, 'घरी बायको वाजवू देत नाही.' अण्णांनी ते साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं वाचलं, खरं का हे विचारलं, तो मान खाली घालून हो म्हणाला आणि अण्णांनी तिथल्या तिथे शिक्का हाणला. वर सल्ला दिला की रविवारी या, तेव्हा ऐकायला माणसं असतात. ही गोष्ट त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली होती की धाकटी लहानपणी तिला 'ट्रंपेटकाकाची गोष्ट' म्हणायची. कारण छोटं असलं तरी चालतं, पण खरं हवं, हे तिचं तात्पर्य. आणि नियम एकच. एक अर्ज जास्तीत जास्त तीनदा. तिसऱ्यांदा परत गेला की वर्षभर तोंड दाखवायचं नाही.

हा नियम उंबऱ्याबाहेरच थांबला असता तर बरं होतं. आई माहेरी निघाली की बॅग हातात घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "कारण: कंटाळा आला." अण्णा म्हणायचे, "खरं का हे?" आणि दोघं हसायची. आईला ते जमायचं. तिला कधी जमलं नाही. ती एकोणीस वर्षांची असताना डोंगरावरच्या वेधशाळेत आठ महिन्यांसाठी एक जागा निघाली होती, दुर्बिणीच्या काचा पुसायच्या आणि वहीत नोंदी करायच्या, एवढंच काम. राहायला एक खोली, खाली दोन तासांवर गाव. तिने सूचना फलकावर कागद पाहिला तेव्हापासून तिला नीट श्वास घेता येत नव्हता. घरी आली आणि सांगितलं. अण्णा जेवत होते. "कारण?" ते म्हणाले. आणि तिच्या छातीत जे काही भरून आलं होतं, त्याला तोंडावाटे बाहेर यायला जागाच सापडली नाही. ती म्हणाली, "असंच." अण्णांनी ते मोठ्याने परत म्हटलं. असंच. मग म्हणाले, "असंच हे कारण नव्हे." ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि म्हणाली, पुढे उपयोग होईल. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मैत्रीण पण जातेय, जे धडधडीत खोटं होतं. तीन वेळा झालं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली, ती चष्म्याच्या दुकानात लागली आणि सव्वीस वर्षं लोकांच्या काचा घासून चौकटीत बसवत राहिली. अण्णांच्या नाकावरचा चष्माही तिनेच केलेला. डाव्या काचेचा कोन जरा अवघड आहे, दुसऱ्या कुणाला तो बरोबर जमत नाही.

आणि आता अण्णांच्या घशात गाठ होती. गाठ हा शब्द डॉक्टरांनी फार हळू उच्चारला, पण पुढचं वाक्य अगदी स्वच्छ. स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. त्यानंतर श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून, आणि आवाज नाही. पुढे काही साधनं असतात, शिकावं लागतं, वेळ लागतो, तोवर पाटी-पेन्सिल. जाताना डॉक्टर म्हणाले की काही लोक आधी स्वतःच्या आवाजात चार शब्द रेकॉर्ड करून ठेवतात, नंतर उपयोगी पडतात. अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला कुठे सभा घ्यायच्या आहेत?" आणि विषय संपला. घरी आल्यावर तिने फोन पुढे धरला तर त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला. धाकटी लांबून फोनवर ओरडली, "अगं ताई, साधं रेकॉर्ड करून ठेव ना! त्यात काय एवढं?" एवढं हे की अण्णा त्या यंत्रापुढे तोंड उघडायला तयार नव्हते. आणि उघडलंच असतं तरी गळ्याला नळी लावलेल्या माणसाने 'दुखतंय' हा शब्द शोधायला रेकॉर्डिंगच्या तारखांच्या यादीत किती खाली उतरायचं? त्यांना एक चौकोन हवा, त्यावर शब्द लिहिलेला, बोट ठेवलं की त्यांच्याच आवाजात बाहेर येणारा. पाणी. दुखतंय. उशी. नको. डॉक्टरांना बोलवा. घरी कधी? असे बारा. ती सहा महिन्यांपासून अ‍ॅप बनवायच्या क्लासला जात होती, कारण दुकानात काचा कापायचं नवं यंत्र आलं होतं आणि ते तिच्यापेक्षा भराभर कापत होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी शाळकरी दप्तर खांद्याला. क्लासच्या बाई तिच्याहून बऱ्याच मोठ्या, निवृत्त गणित शिक्षिका, त्या म्हणाल्या होत्या की काहीतरी स्वतःला हवं असलेलं बनवा, मगच शिकाल. तीन आठवड्यांपूर्वी ती कपडे घेऊन अण्णांकडे राहायला आली आणि तिने बारा चौकोन काढायला घेतले. सोमवारी सकाळी आठला अण्णांना दाखल करायचं होतं. म्हणजे उद्या.

चौकोनांनी तिला छळलं नाही. नवल वाटायला लावलं ते कॉन्फिग फाईलने. चाळीस-पंचेचाळीस ओळींचा साधा मजकूर, प्रत्येक ओळीत डावीकडे एक ठरलेला शब्द आणि उजवीकडे आपण भरायचं उत्तर. नाव काय. कायमची ओळख काय, जी एकदा जाहीर झाली की मालकालासुद्धा बदलता येत नाही. कितवी आवृत्ती. चित्र कुठलं. उघडताना रंग कुठला. उभं राहणार की आडवं होणार. ही फाईल काहीच करत नाही. ती मोजत नाही, काही हलवत नाही, बटण दाबलं की काय व्हावं ते तिला ठाऊक नाही. ती फक्त सांगते की असं असं एक असेल. आणि तिने सांगेपर्यंत बाकी साऱ्या मेहनतीला अस्तित्व नसतं. नावाच्या पुढे तिने 'अण्णा' लिहिलं तेव्हा हात जरा थांबला होता, रंगाच्या पुढे आईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा हिरवा आठवून आठवून जुळवला होता, आणि आज सकाळी तोच हिरवा कुठल्या कुठे, कधी न पाहिलेल्या यंत्रांतून शिजून परत येऊन अण्णांच्या फोनवर पसरला. इकडे नुसतं म्हटलं, तिकडे झालं. अकराच्या उन्हात ती लहान मुलीसारखी बघत राहिली होती. आणि मग ते मिटलं, आणि तिला कळलं की जिची आपण पूजा बांधली होती ती फाईल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एक अर्ज आहे. आणि तिने नववा रकाना कोरा सोडला होता. छत्तीस वर्षं हेच विचारत आलेल्या माणसाच्या मुलीने.

तिने घाईघाईने क्लासची वही काढली. तिथे नमुन्याचं वाक्य होतंच. 'या अ‍ॅपला मायक्रोफोनची गरज आहे.' तिने ते जसंच्या तसं रकान्यात टाकलं आणि फाईल बांधणीला पाठवली. बांधणी म्हणजे लिहिलेलं सगळं दूरच्या एका यंत्राकडे जातं, तिथे रांग असते, आपला नंबर लागला की ते आपल्या मजकुराचं खरोखरीचं अ‍ॅप करून परत पाठवतं. पाऊण तास लागला. अ‍ॅप आलं, तिने ते फोनवर चढवलं आणि सूप संपवून पेंगणाऱ्या अण्णांच्या हातात ठेवलं. यंत्रापुढे बोला म्हटलं असतं तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, पण तिने चलाखी केली, म्हणाली, "अण्णा, हे तुम्हाला काहीतरी विचारतंय बघा." कुणी काही विचारतंय म्हटल्यावर अण्णा ताठ बसले. त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. पांढरी चौकट वर आली, तिच्यात तिचं वाक्य आणि खाली दोन बटणं, 'नको' आणि 'परवानगी द्या'. अण्णांनी चष्मा सारखा केला. आणि मोठ्याने, म्हणजे आता जेवढा मोठा आवाज उरला होता तेवढ्याने, वाचलं, "या अ‍ॅपला मायक्रोफोनची गरज आहे." थोडा वेळ ते त्या वाक्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तिने कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी आलं होतं, कामावरच्या माणसाचा चेहरा.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"गरज आहे हे कारण नव्हे. गरज सगळ्यांनाच असते." आणि त्यांनी 'नको' दाबलं.

तिला हसू आलं आणि रागही आला. ती आतल्या टेबलाशी परतली. फाईल उघडली, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला संवाद साधता यावा यासाठी आवाज ध्वनिमुद्रित करण्यात येईल.' हे भारदस्त झालं, अण्णांच्या कचेरीला शोभेल असं. साठवलं. फोनवरचं जुनं अ‍ॅप काढून टाकलं, कारण एकदा नको म्हटल्यावर ते पुन्हा विचारत नाही, आणि त्याच दुव्यावरून ते पुन्हा चढवलं. अण्णांनी चौकोन दाबला, चौकट आली, त्यांनी वाचायला सुरुवात केली. "या अ‍ॅपला मायक्रोफोनची गरज आहे." पहिले पाढे पंचावन्न. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. ती म्हणाली, "नाही हो, मी बदललंय, खरंच बदललंय, हे कसं काय…" अण्णा म्हणाले, "तोच कागद पुन्हा आणलास." आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. "दुसरी वेळ," ते म्हणाले आणि 'नको' दाबून फोन तिच्या हातात दिला. दीड वाजला होता.

तिने क्लासच्या बाईंना विचारलं. बाईंचं उत्तर लगेच आलं, रविवार असूनही. फाईलमधलं कारण बांधणीच्या वेळीच अ‍ॅपच्या अंगात जातं. नंतर तुम्ही टेबलावर बसून कितीही खोडा नि लिहा, फोनवर गेलेल्या अ‍ॅपला त्याचा पत्ता नसतो. पुन्हा बांधा. सगळेच शिकाऊ ही चूक करतात. ती मनाशी म्हणाली, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. खाली बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, मदत म्हणून. एवढी घाई असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जा, मायक्रोफोनचं बटण सरकवा, झालं. विचारायची गरजच नाही. ती फोनकडे बघत राहिली. अण्णांचा डोळा लागला होता, मान एका बाजूला कललेली, गळ्याची ती जागा उघडी. सेटिंग उघडलं, अ‍ॅपचं नाव सापडलं, अण्णा, आणि त्याच्यापुढे ते करड्या रंगाचं बटण, एका बोटाने उजवीकडे ढकलायचं. लहानपणी एकदा कचेरीत गेली असताना अण्णांचा शिक्का तिने टेबलावरून उचलला होता, फक्त वजन बघायला, तर अण्णांनी तो तिच्या मुठीतून काढून घेतला आणि तिच्यासमोर खणात कुलूपबंद केला. तिने बटणाला हात लावला नाही. बटण सरकलं असतं, मायक्रोफोन उघडला असता आणि त्याच्यापुढे अण्णा तोंड मिटून बसले असते. खरं म्हणजे परवानगी फोनला नकोच होती, ती तिला हवी होती.

मग ती ओळ पुन्हा वाचू लागली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला संवाद साधता यावा. यात रुग्ण होता, संवाद होता. झाड कुठे होतं? खोडलं. लिहिलं, 'पाणी, उशी वगैरे मागायला सोपं जावं म्हणून.' हे खरं होतं. पण मान वळवून त्यांच्याकडे पाहिल्यावर तिला वाटलं, पाण्यासाठी कोण तीन आठवडे डोळे फोडतं? पाणी तर हाताने खूण केली तरी मिळतं. उशी न मागताही कुणीतरी सारखी करतं. ती जे बारा चौकोन काढत बसली होती त्यांच्यामागे दुसरंच काही होतं, आणि ते तिला या क्षणापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. धाकटीने नाही, बाईंनी नाही, तिने स्वतःलाही नाही. विचारलं ते एका फाईलने. कोरा रकाना आणि त्यात लुकलुकणारी उभी रेघ. सांगा, वाट बघतोय. तिला एकदम वेधशाळेचा कागद आठवला, त्याचा पिवळट रंग, कोपऱ्यातली टाचणी, आणि छातीतलं ते भरून येणं, अगदी तेच, सव्वीस वर्षांत कणभरही शिळं न झालेलं. तिने सव्वीस वर्षं अण्णांवर एक हिशेब धरला होता की त्यांनी मला जाऊ दिलं नाही. तीन वेळा दारात उभं राहून आपण तीन वेळा काय सांगितलं, ते मात्र तिने कधी स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं. असंच. उपयोग होईल. मैत्रीण जातेय. ट्रंपेटवाल्याने पाच शब्दांत सांगितलं होतं, आणि त्याला तर सगळ्या कचेरीसमोर लाज वाटली होती. तिने मजकूर खोडला. एक वाक्य लिहिलं. ते इतकं साधं होतं की असं काही अ‍ॅपच्या फाईलमध्ये लिहितात का, असं तिला वाटलं. तिने ते ओठांतल्या ओठांत वाचलं आणि मनात विचारलं, खरं का हे? मग बांधणीला पाठवलं.

रांगेत पुढे सदतीस जण होते. रविवारीही जगभर इतकी माणसं काहीबाही बांधत बसलेली, प्रत्येकाने आपापला रकाना भरलेला, आणि त्यांच्या मागे ती अडतिसावी, या विचाराने तिला हसू आलं, आणि धीरही. मधल्या वेळात तिने उद्याची पिशवी भरली. टॉवेल, दाढीचं सामान, चष्म्याचं घर. चष्म्याच्या काचा काढून धुतल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. सव्वीस जण उरले. अण्णा जागे झाले, खोकले, गॅलरीत जाऊन उभे राहिले; समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि खाली एकजण गाडी मागे घेताना दुसऱ्याशी भांडत होता. अण्णा ते भांडण लक्ष देऊन ऐकत होते. "दोघंही चूक आहेत," ते आत येऊन म्हणाले. किती साधं वाक्य, आणि तिने ते असं झेललं की आता काही झालं तरी हे खाली पडू द्यायचं नाही. नऊ जण उरले. मग चार. पावणेपाचला यंत्राने कळवलं की झालं.

तिने अ‍ॅप चढवलं आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. या वेळी चलाखी केली नाही. म्हणाली, "अण्णा, तिसरी वेळ आहे."

"माहितीय," अण्णा म्हणाले. "दे."

चौकोनावर बोट. पांढरी चौकट. अण्णांनी चष्मा सारखा केला, फोन जरा लांब धरला, आणि त्या खरखरत्या, मध्येच तुटणाऱ्या आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून, टेबलापलीकडच्या माणसाला ऐकवावं तसं वाचलं. "अण्णा, तुमचा आवाज मला नंतरही ऐकायचा आहे." वाचून झालं तरी ते फोनकडेच बघत होते. खाली गाडीवाल्यांचं भांडण मिटलं होतं. तिला स्वतःचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकू आलं आणि तिला ओरडावंसं वाटलं, की हो, एवढंच आहे, दुसरं काही नाही. अण्णांनी मान वर केली. चष्म्यावरून नाही, काचांमधून, सरळ.

"खरं का हे?"

"हो," ती म्हणाली.

त्यांनी अंगठा उचलला आणि शिक्का मारावा तसा 'परवानगी द्या' वर दाबला. चौकट गेली, हिरव्यावर बारा चौकोन उमटले आणि राहिले. अ‍ॅप मिटलं नाही. ती बघतच राहिली. एका वाक्याने एवढं दार उघडावं याचं नवल तिच्या डोळ्यांत मावेना. अण्णा मागे टेकले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तेव्हा 'मला बघायचंय' एवढं म्हणाली असतीस ना पोरी, तर सोडलं असतं मी."

तिला कुठल्या 'तेव्हा'बद्दल ते विचारावं लागलं नाही. म्हणजे त्यांच्याही आत तो कागद इतकी वर्षं टाचून राहिलेला होता. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांनी त्यावर आपला ठेवला, आणि तेवढ्यात तिची नजर फोनकडे गेली. पहिल्या चौकोनाची कड लाल होती. पाणी. आठवड्यापूर्वी तिनेच, नुसतं तपासायला म्हणून, असं लिहून ठेवलं होतं की परवानगी मिळाली की पहिल्या चौकोनात आपोआप रेकॉर्डिंग सुरू व्हावं. नंतर काढू म्हणाली होती आणि विसरली होती. तिने घाबरून चौकोनावर टिचकी मारली. लाल कड गेली. सतरा सेकंद.

"काय झालं?"

"चुकून रेकॉर्ड झालं. पाण्याच्या जागी. पुसते, थांबा, मग तुम्ही नीट 'पाणी' म्हणा."

"बघू, काय झालंय," अण्णा म्हणाले आणि स्वतःच बोट ठेवलं. आधी नुसती खोली ऐकू आली, पंख्याची घरघर, खुर्ची कुरकुरल्याचा आवाज. मग ते. तेव्हा मला बघायचंय एवढं म्हणाली असतीस ना पोरी. अण्णांनी आपला आवाज शेवटपर्यंत ऐकला, मान किंचित कलती करून, परक्याचा अर्ज ऐकावा तसा.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो पण पाणी?"

"पाणी मी हाताने मागेन." आणि मग, आवाज आणखी खाली गेला होता तरी हुकमी स्वरात, "पुढचं सांग. दुसरा कुठला?"

"दुखतंय."

"दुखतंय," अण्णा म्हणाले, स्वच्छ, कोरडं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी उरलेले अकराही भरले. 'नको' त्यांनी पाच वेळा करून बघितलं. एकही त्यांना पुरेसं ठाम वाटेना.

शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी तोंडाने पाणी प्यायला परवानगी दिली. अण्णा उशीला टेकून बसले होते, गळ्याला पट्टी, पट्टीत नळी, आणि नळीतून येणारा श्वास, ज्याची तिला आता सवय झाली होती. नर्स गळ्यापाशी काहीतरी तपासत होती. ती स्वतः पलंगाशेजारी खुर्चीवर, फोन पांघरुणावर अण्णांच्या हाताशी. त्यांनी हाताने खूण केली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. खोलीत आधी पंखा फिरला, मग खुर्ची कुरकुरली, आणि मग तो खरखरीत आवाज सगळ्या खोलीभर झाला, तेव्हा 'मला बघायचंय' एवढं म्हणाली असतीस ना पोरी, तर सोडलं असतं मी. नर्सने चमकून अण्णांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय म्हणताहेत हे?"

"पाणी मागताहेत," ती म्हणाली आणि पेला भरायला उठली.